स्वदेशी मोटार कोणती?

एकत्र कुटुंबांत मोटार घ्यावयाची म्हणजे ती केवळ खरेदी नसते, ती एक परिषद असते. गेल्या दिवाळीच्या सुमारास आमच्या घरीं अशीच एक परिषद भरली. जुनी मोटार पंधरा वर्षें वापरून झाली होती. नवी घ्यावी याविषयीं दुमत नव्हतें. पण कोणती घ्यावी हा प्रश्न निघतांच रात्रीच्या जेवणानंतरची बैठक लांबली. आमचे ज्येष्ठ बंधु अण्णा यांनीं आरंभींच निकाल देऊन टाकला, "घ्यावयाची ती स्वदेशी घ्या. परक्याच्या खिशांत पैसा घालूं नका." त्यावर थोरला पुतण्या म्हणाला, "मग मारुति घेऊं." धाकट्यानें लगेच हटकलें, "दादा, मारुति जपान्यांची आहे." कोणीं थट्टेनें जग्वारचें नांव काढलें, तेव्हां ‘ती तर टाटांची, म्हणजे स्वदेशीच!’ असें म्हणून सारे हंसले. शेवटीं महाविद्यालयांत शिकणाऱ्या पुतणीनें आम्हांस विचारलें, "काका, तुम्हीं जन्मभर संस्कृत शिकविलें. ‘स्वदेशी’ म्हणजे नक्की काय, तें तुम्हींच सांगा."

त्या रात्रीं आम्हीं उत्तर दिलें नाहीं. ‘उद्यां सांगूं’ म्हणून वेळ मारून नेली, आणि तो उद्यां उजाडावयास दोन महिने लागले. हा प्रश्न एका मोटारीपुरता नाहीं, हें हळूहळू ध्यानीं आलें. कारखाना बुडूं लागला असतां सरकारनें त्यास लोकांच्या पैशानें वांचवावें कीं नाहीं, आणि आपल्या नांवाचा धंदा परक्या मालकाच्या हातीं जाऊं द्यावा कीं नाहीं, हे दोन वाद आज साऱ्या जगांत चालूं आहेत. आम्हां नागपूरकरांस तर पहिल्या वादाचा अनुभव घराजवळच आलेला आहे. तेव्हां पुतणीस जें सांगितलें तेंच थोड्या विस्तारानें वाचकांपुढें ठेवतों.

‘स्व’चे चार अर्थ

अमरकोशांत ‘स्व’ या इवल्याशा शब्दाचे चार अर्थ दिले आहेत : आत्मा, आत्मीय, ज्ञाति आणि धन. आत्मा म्हणजे आपण स्वतः. आत्मीय म्हणजे ज्यास आपण आपलें मानतों तें. ज्ञाति म्हणजे भाऊबंद. आणि धन म्हणजे द्रव्य. पाणिनीनेंही हे अर्थ एकत्र कालवूं दिले नाहींत. ज्ञाति व धन या अर्थीं ‘स्व’ शब्द आला असतां त्यास सर्वनाम मानावयाचें नाहीं, असें त्यानें बजावून ठेवलें आहे. विद्यार्थिदशेंत हा भेद आम्हांस निव्वळ पाठांतराचा वाटे. आतां वाटतें कीं, ‘स्वदेशी’ या शब्दावरून आपल्या घरोघरीं जो घोटाळा होतो, त्याचें मूळ हे चार अर्थ एकाच तोंडानें बोलण्यांत आहे.

मोटारीच्या कारखान्यास हे अर्थ लावून पाहावे. कारखान्याचें नांव आणि त्याविषयीं लोकांस वाटणारा जिव्हाळा, हें त्याचें आत्मीय. त्यांत गुंतलेलें भांडवल, हें धन. तेथें राबणारीं आणि त्यास सुटे भाग पुरवून पोट भरणारीं माणसें, ही ज्ञाति. आणि मोटार कशी आंखावी, कशी घडवावी, ही जी विद्या, तो त्याचा आत्मा. चारही एका ठिकाणीं नांदत असतील तर प्रश्नच उरत नाहीं. परंतु आजच्या व्यवहारांत नांव एका देशाचें, पैसा दुसऱ्याचा, माणसें तिसऱ्याचीं आणि विद्या चौथ्याची, असा प्रकार सर्रास आढळतो. अशा वेळीं ‘स्वदेशी घ्या’ म्हणणाऱ्यानें आपण चारांपैकीं कशाविषयीं बोलत आहों, हें आधीं ठरविलें पाहिजे.

नांवाचा महिमा

‘मंडप’ शब्दाची व्युत्पत्ति पाहूं गेल्यास अर्थ निघतो ‘मंड पिणारा’, म्हणजे पेज पिणारा. लग्नाच्या मंडपाखालीं कोणी पेज पीत नाहीं. तरी शब्द चालतो, कारण तो रूढ झाला आहे. कारखान्यांचीं नांवें अशींच रूढ होतात. मूळ अर्थ केव्हांच गळून पडतो आणि शब्द तेवढा बाजारांत फिरत राहतो.

एम्. जी. हें नांव घ्या. तें मूळ इंग्लंडांतील मॉरिस गॅरेजेस या व्यवसायाचें. पुढें तें ज्या कंपनीपाशीं होतें ती एम्. जी. रोव्हर २००५ सालीं बुडाली आणि नांव चीनमधील कारखानदारांच्या हातीं गेलें. २०१९ पासून त्या नांवाच्या मोटारी गुजराथेंत हालोल येथें तयार होऊं लागल्या, त्याही जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीनें सोडलेल्या कारखान्यांत. २०२३ मध्यें आपल्याकडील जे. एस्. डब्ल्यू. या उद्योगसमूहानें तिच्यांत शेंकडा ३५ भाग घेण्याचा करार केला. किंवा ‘जीप’ घ्या. नांव अमेरिकन, मालक कंपनी इटालियन, अमेरिकन व फ्रेंच कंपन्या एकत्र होऊन २०२१ मध्यें बनलेली आणि हॉलंडांत नोंदलेली, आणि आपल्या रस्त्यांवर धांवणारी जीप घडते पुण्याजवळ रांजणगांव येथें, टाटांच्या भागीदारीच्या कारखान्यांत. आतां ही मोटार देशी म्हणावी कीं विदेशी? व्युत्पत्तीनें येथें कांहींच निष्पन्न होत नाहीं.

पद्मिनी आणि मारुति

नांवावर जीव किती जडतो, हें मुंबईकरांनीं २०२३ सालीं दाखविलें. ‘प्रीमियर पद्मिनी’ जातीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरांत नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली, तेव्हां घरचें माणूस गेल्याप्रमाणें लोक हळहळले.

ती मोटार काढणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं उभारली. परकी राजवट, चालूं असलेलें महायुद्ध, पाठीशीं सरकारचा हात नाहीं, अशा दिवसांत ‘हिंदुस्थानांत मोटार होईल’ असें म्हणणें ही लहान गोष्ट नव्हे. वालचंदांच्या त्या हिंमतीविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. स्वातंत्र्यानंतर सरकारनें या नव्या धंद्यास मोठें संरक्षण दिलें. १९४९ मध्यें तयार परदेशी मोटारींच्या आयातीस बंदी झाली. आणि येथें मोटारी घडविण्याची योजना नसतां केवळ बाहेरच्या भागांची जुळणी करणाऱ्यांस १९५३ च्या सुमारास निरोप मिळाला. जनरल मोटर्स आणि फोर्ड या बलाढ्य अमेरिकन कंपन्या त्या वेळीं येथून निघून गेल्या.

मैदान मोकळें झालें. पण खेळ सुधारला नाहीं. ‘पद्मिनी’ हें संस्कृत नांव मिरविणाऱ्या त्या मोटारीचा सांगाडा इटलीच्या फियाट कंपनीचा, १९६० नंतरच्या दोन-तीन वर्षांतला. तोच सांगाडा थोड्याफार फेरफारांनीं शतक पालटेपर्यंत चालला. किती मोटारी काढाव्या हेंही परवान्यानें ठरत असे, तेव्हां सारा दोष कारखानदारांच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. परंतु गिऱ्हाईक नांव नोंदवून वर्षानुवर्षें तिष्ठत बसलें आहे असें दिसलें, म्हणजे सुधारणेची निकड कोणास वाटणार? नांव आपलें, पैसा आपला, माणसें आपलीं. आत्मा मात्र उसना राहिला. आणि दार उघडतांच हा डोलारा कोसळला.

ज्या मोटारीनें तो मुख्यतः कोसळविला, ती मारुति. तिची कथा याच्या बरोबर उलट आहे, आणि सरकारनें कारखाना वांचविण्याचें आपल्या देशांतील तें ठळक उदाहरण आहे. १९७१ सालीं निघालेली मूळ मारुति कंपनी खासगी होती. ती मोटारी काढूं शकली नाहीं व दिवाळ्यांत निघाली. १९८० मध्यें संसदेनें कायदा करून ती ताब्यांत घेतली, आणि १९८१ मध्यें मारुति उद्योग ही सरकारी कंपनी स्थापन झाली. येथवर गोष्ट नेहमींचीच आहे. निराळेपण पुढेंच आहे. आपणांस मोटार करतां येत नाहीं, हें सरकारनें मनाशीं कबूल केलें आणि जो जाणता होता त्यास भागीदार करून घेतलें. १९८२ मध्यें जपानच्या सुझुकी कंपनीशीं करार झाला व तिला शेंकडा २६ भाग मिळाले. १४ डिसेंबर १९८३ रोजीं पहिली मोटार गिऱ्हाइकास मिळाली. सुटे भाग क्रमाक्रमानें देशांतच झाले पाहिजेत असा दंडक होता. त्यामुळें ते करणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांची सारी वसाहत गुडगांवच्या आसमंतांत उभी राहिली. २००२ मध्यें कंपनीची सत्ता सुझुकीच्या हातीं गेली, आणि त्या सत्तेचें मोल म्हणून सरकारनें १,००० कोटि रुपये निराळे घेतले. २००७ मध्यें सरकारनें आपला उरलेला भागही विकून हात मोकळे केले.

आज सुझुकी जगांत जितक्या मोटारी विकते त्यांतील निम्म्याहून अधिक भारतांत खपतात. म्हणजे मारुति सुझुकीवर जितकी अवलंबून आहे तितकीच सुझुकी मारुतीवर अवलंबून आहे. मालक परका असूनही तो सहजासहजीं उठून जाऊं शकत नाहीं, याचें कारण भावना नव्हे. त्याचें घरच येथें झालें आहे. अर्थात् याची किंमत आपण मोजतों. विद्येच्या वापराबद्दल दरसाल स्वामित्वशुल्क जपानला जातें, आणि मोठा निर्णय शेवटीं हामामात्सु येथें होतो. हें लपवून स्तुति करण्यांत अर्थ नाहीं.

आमच्या गांवची गिरणी

आतां नागपुराकडे वळूं. मोटारीची नव्हे, पण कापडाची एक थोर गिरणी आमच्या गांवीं होती, आणि ‘सरकारनें वांचविणें’ म्हणजे काय, तें आम्हीं तिच्यापाशीं शिकलों.

जमशेटजी टाटांनीं जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा घेऊन ती भरावयास काढली, तेव्हां हा गृहस्थ सोनें मातींत घालीत आहे असें एका सावकारानें म्हटल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. पुढें त्याच सावकारानें, ‘त्यांनीं माती घातली आणि सोनें काढलें’ अशी कबुली दिली म्हणतात. १ जानेवारी १८७७ रोजीं, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचें जाहीर झालें त्याच दिवशीं, गिरणी सुरू झाली. म्हणून तिचें नांव एम्प्रेस मिल. म्हणजे पद्मिनीच्या नेमकें उलट : नांव तेवढें परकें, बाकी सारें स्वकीय. यंत्रें विलायतेचीं खरीं, पण विद्या आपलीशी करण्याची हौस दांडगी. रिंग पद्धतीच्या चात्या इंग्लंडांतील गिरण्यांसही नव्या वाटत होत्या, तेव्हां १८८३ मध्यें त्या येथें आणून पाहिल्या. १८८६ मध्यें कामगारांसाठीं निवृत्तिवेतनाचा निधि निघाला. १८९५ पासून अपघाताची भरपाई मिळूं लागली. कायद्यानें भाग पाडण्यापूर्वीं किती तरी वर्षें हें झालें. गिरणीचे कर्ते व्यवस्थापक बेझनजी मेहता यांच्या नांवाची बेझनबाग आजही नागपुरांत आहे. गिरणीच्या भोंग्यावर घड्याळें लावणारीं घरें आमच्या पिढीनें पाहिलीं आहेत.

पुढें यंत्रमागांची स्पर्धा, कृत्रिम धाग्याचें कापड, जुनीं झालेलीं यंत्रें, या साऱ्यांनीं देशभर मोठ्या गिरण्या खचूं लागल्या. १९७४ मध्यें केंद्र सरकारनें शंभरावर आजारी गिरण्या राष्ट्रीय मालकीच्या केल्या. १९८६ मध्यें एम्प्रेस मिल राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली. ‘सरकारनें घेतली, म्हणजे आतां ती वांचली’ असें त्या वेळीं पुष्कळांस वाटलें. आम्हीही त्यांपैकींच होतों, हें येथें मोकळेपणानें सांगितलें पाहिजे. गिरणी आणखी सोळा वर्षें चालली आणि २००२ मध्यें बंद झाली. आज त्या जागेवर उंच इमारती व मोठा बाजार आहे. ‘एम्प्रेस’ हें नांव मात्र त्या बाजारावर कायम आहे. चारांपैकीं जें सर्वांत परकें होतें तेवढेंच उरलें. ज्ञाति, विद्या आणि भांडवल तिन्ही गेलीं.

आमची चूक कोठें झाली, याचा विचार आम्हीं अनेकदां केला आहे. एकत्र कुटुंबांतील एका भावाचें दुकान बुडूं लागलें अशी कल्पना करा. कर्त्या पुरुषानें सामाईक पेटींतून पैसे द्यावे कीं नाहीं? मिताक्षरेंत सामाईक स्थावर एकट्यानें मोडण्यास तीन प्रसंगीं मुभा आहे : आपत्काल, कुटुंबाचें भरण, आणि धर्मकृत्य. भावाची अब्रू किंवा दुकानाची पाटी हें कारण तेथें सांगितलेलें नाहीं. शहाणा कर्ता पैसे देतो, पण त्याआधीं वह्या पाहतो, दुकान कोणत्या दोषानें बुडालें तें विचारतो, मुदत घालतो, आणि दुकान चालणार नसेल तर त्या पैशांतून भावाच्या मुलांस दुसरा धंदा शिकवितो. अशा एखाद्या गिरणीस जें मिळावयास हवें तें नुसतें दर महिन्याचें पगारापुरतें पाणी नव्हे; नवीं यंत्रें तरी, नाहींतर कामगारांच्या मुलांस नवें कसब तरी. पाणी घालीत राहावें आणि मुळाकडे पाहूं नये, हें दयेचें काम दिसतें. परिणामीं तें लांबविलेलें मरण ठरतें.

अमेरिकेचा हिशेब

इतका कठोर कर्ता जगांत कोणी झाला आहे काय, असें वाचक विचारतील. बव्हंशीं झाला आहे. २००८ सालच्या आर्थिक अरिष्टांत जनरल मोटर्स आणि क्रायस्लर या दोन कंपन्या अमेरिकन सरकारच्या दारीं आल्या. क्रायस्लर दुसऱ्यांदा आली होती; १९७९ मध्यें तिच्या दीड अब्ज डॉलरांच्या कर्जास सरकारनें हमी दिली होती, व तें कर्ज तिनें १९८३ मध्यें मुदतीपूर्वींच फेडलें होतें. या वेळीं मात्र मोटारींच्या धंद्यावर सरकारचे एकंदर ८० अब्ज डॉलरांच्या आसपास गुंतले. परंतु पैशाबरोबर अटीही आल्या. जनरल मोटर्सच्या मुख्याधिकाऱ्यांस जावें लागलें. दोन्ही कंपन्या २००९ मध्यें रीतसर दिवाळ्यांतून काढण्यांत आल्या; जुन्या भागधारकांचें धन बुडालें, सावकारांनीं घट सोसली, कामगारसंघानेंही सवलती सोडल्या. पॉन्टियाकसारखें जुनें, लोकांच्या प्रेमाचें नांव बंद करण्यांत आलें. क्रायस्लर इटलीच्या फियाटकडे सोंपविली गेली. २०१४ मध्यें ती पूर्णपणें तिची झाली. जनरल मोटर्सचे भाग विकतांना सरकारला सुमारें ११ अब्ज डॉलरांची खोट आली.

आमच्या भाषेंत सांगावयाचें तर, अमेरिकेनें आत्मीय व धन यांवर पाणी सोडलें आणि ज्ञाति व विद्या राखली. ११ अब्ज डॉलर हा थोडका पैसा नव्हे. पण तो कशासाठीं गेला, हें तेथील नागरिकास दाखवितां येतें.

मात्र याच कथेला आपल्या बाजूनें एक कडू शेपूट आहे. ज्या २००८ सालीं जनरल मोटर्स बुडण्याच्या कांठावर होती, त्याच सालीं तिनें पुण्याजवळ तळेगांव येथें नवा कारखाना सुरू केला होता. कंपनी तरली, पण २०१७ अखेर तिनें भारतांत मोटारी विकणें थांबविलें, आणि २०२० च्या डिसेंबरांत तळेगांवचें उत्पादनही बंद केलें. हजारांवर कामगारांवर गदा आली. तो कारखाना घेण्याचा करार २०२३ मध्यें कोरियाच्या ह्युंदाई कंपनीनें केला. संकट आलें म्हणजे परका मालक आधीं स्वतःच्या घराकडे धांवतो, हें यावरून दिसतें. आणि त्यांत त्याला दोष देण्यासारखेंही कांहीं नाहीं. सुझुकीचें घर येथें झालें होतें. जनरल मोटर्सचें झालें नव्हतें. परक्या धनाची पारख करावयाची ती येथें : तो बिऱ्हाडकरू आहे कीं त्यानें येथें पाया घातला आहे?

जेव्हां परके आपण असतों

‘जग्वार टाटांची’ म्हणून आमच्या घरीं जो हंशा पिकला त्याकडे वळल्यावांचून हा विषय पुरा होत नाहीं. जग्वार व लँड रोव्हर हीं इंग्लंडच्या अभिमानाचीं नांवें टाटांनीं २००८ मध्यें फोर्डकडून २.३ अब्ज डॉलरांस घेतलीं. म्हणजे इंग्रजांच्या दृष्टीनें आपण परके मालक झालों. पुढच्याच वर्षीं कंपनी अडचणींत आली. ब्रिटिश सरकारशीं मदतीचीं बोलणीं झालीं, पण त्यांतून कांहीं निघालें नाहीं. पैसा टाटांनींच इतर मार्गांनीं उभा केला व ती तारली. मग २०२५ मध्यें संगणकांवर झालेल्या हल्ल्यामुळें तिचे कारखाने कित्येक आठवडे बंद पडले, तेव्हां ब्रिटिश सरकारनें दीड अब्ज पौंडांच्या कर्जास हमी दिली. मालक हिंदी आहे म्हणून मदत नाकारली गेली नाहीं. कारण तेथील सरकारपुढें प्रश्न मालकाचा नव्हता. त्या कंपनीस सुटे भाग पुरविणाऱ्या शेंकडों लहान कारखान्यांचा आणि त्यांत काम करणाऱ्या कुटुंबांचा होता. टाटांविषयीं इंग्रजांनीं हा विवेक दाखविला म्हणून आपणांस बरें वाटत असेल, तर मानेसरच्या कामगारास ‘जपान्यांचा माणूस’ म्हणण्यापूर्वीं आपण दोनदां विचार केला पाहिजे.

येथवर ऐकून अण्णा म्हणाले, "हें सारें खरें. पण मग टाटांची किंवा महिंद्रांची घ्या, म्हणजे वादच मिटला." अण्णांचें म्हणणें चुकीचें नाहीं. टाटांची इंडिका १९९८ मध्यें पुण्यास झाली. महिंद्रांची स्कॉर्पिओ २००२ मध्यें आली. आणि महिंद्रांचे ट्रॅक्टर तर आमच्याच हिंगण्याला होतात. परंतु हे दोघेही विद्या कोठून शिकले, हें विसरूं नये. टाटांनीं १९५४ पासून जर्मनीच्या बेंझ कंपनीबरोबर मालमोटारी केल्या. महिंद्रांनीं अमेरिकन जीपच्या जुळणीपासून आरंभ केला. परक्याकडे शिष्य म्हणून जाण्यांत त्यांस कमीपणा वाटला नाहीं, आणि गुरुगृहींच कायमचें राहण्याची त्यांची इच्छाही नव्हती. शिकून घरीं परत येणें, यालाच आपल्याकडे समावर्तन म्हणतात. स्वदेशीचा खरा संस्कार तो आहे.

म्हणून आमचें मत असें झालें आहे. बुडत्या कारखान्यास सरकारनें हात द्यावा. पण तो माणसांसाठीं व विद्येसाठीं द्यावा, नांवासाठीं किंवा जुन्या मालकाच्या धनासाठीं नव्हे. हात देतांना मुदत आणि अट आधीं बोलून घ्यावी. परक्या मालकास येऊं द्यावें; पण तो विद्या येथें रुजवितो कीं नाहीं, याची मोजदाद दरसाल करावी. नांवावर प्रेम करण्यास कोणाची हरकत नाहीं. तिजोरी मात्र त्या प्रेमाच्या हवालीं करूं नये.

पुतणीनें हें सारें ऐकून एका कागदावर चार रकाने आंखले आणि घरांत ज्या चार-पांच मोटारींचीं नांवें चालूं होतीं त्यांपुढें खुणा करूं लागली. चारही रकाने निखळ भरलेली एकही मोटार निघाली नाहीं; कोठें विद्येच्या रकान्यांत अर्धी खूण, कोठें धनाच्या. अण्णांनीं चष्मा लावून तो कागद दोनदां वाचला आणि विद्येचा रकाना पहिला घ्यावा अशी सूचना केली. ती सर्वांस पटली. इतक्यांत वहिनींनीं विचारलें, "पण सासूबाईंना हिच्यांत चढतां-उतरतां येईल ना?" आमच्या मातोश्री नव्वदीच्या घरांत आहेत. चर्चा तेथें थांबली, आणि दुसऱ्या दिवशीं त्यांस बरोबर घेऊन सर्व मोटारी पाहून यावयाचें ठरलें. शेवटीं कोणती घेतली तें येथें लिहीत नाहीं, नाहींतर आमच्यावर जाहिरातीचा आळ यावयाचा. तो चार रकान्यांचा कागद मात्र अण्णांनीं पंचांगांत जपून ठेवला आहे.